शेंगदाण्याची ॲलर्जी: हळद-कांद्याने भागेल का?

ताई, मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली आणि घरच्यांनी रोज हळद-कांद्याचा रस द्यायला सांगितलं, त्याने दाणे पचतील का, असं तुम्ही विचारलंय. भाजी-आमटीत पडते तेवढी हळद, तेवढा कांदा बेलाशक द्या. पण त्याच्या भरवशावर एक दाणाही नको.

घरच्यांचं अगदीच हवेतलं नाही. त्वचेत, आतड्यात मास्ट पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी असतात, त्यांच्यावर आयजीई प्रतिपिंडं, म्हणजे ॲलर्जीचा पदार्थ ओळखणारी प्रथिनं, चिकटलेली. दाण्यातलं प्रथिन त्यांना भिडलं की पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य ओकते. मग गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. कांद्यातलं क्वेर्सेटिन आणि हळदीतलं कर्क्युमिन हे ओकणं कमी करतात, असं पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. हेच ओकणं रोखणारं दम्यावरचं जुनं औषध क्रोमोग्लायकेट तर ओव्याच्या कुळातल्या एका वनस्पतीतल्या द्रव्यावरून 1960च्या दशकात बेतलं गेलं.

घोडं अडतं पोटात. कर्क्युमिन फार कमी शोषलं जातं. प्रयोगशाळेत पेशींवर ओततात तेवढं आमटीतून रक्तात पोचत नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय संस्थेत एफएएचएफ-2 नावाचं चिनी वनौषधींचं मिश्रण तयार झालं. त्याने उंदरांना शेंगदाण्याच्या जीवघेण्या झटक्यातून वाचवलं. पुढे अन्नाची ॲलर्जी असलेल्या 68 जणांवर चाचणी झाली, निकाल 2015मध्ये आला: औषध सुरक्षित, पण औषधच नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस नाही. दिवसाला 30 गोळ्या होत्या म्हणे, बऱ्याच जणांनी नीट घेतल्याच नाहीत, कोण घेणार!

आता आपल्या सोलापूरचं. इथे शेंगा चटणीशिवाय ताट वाढलं जात नाही, आणि खरा धोका चटणीचा नाही, ती दिसते तरी. धोका कुटाचा. खानावळीत ‘भाजीत शेंगदाणे आहेत का?’ विचारलंत तर ‘नाही’ म्हणतील, कारण कूट त्यांच्या हिशेबात शेंगदाणा नसतोच. ‘कूट घातलंय का, वाटणात काय आहे, तेल घाण्याचं आहे का?’ असं विचारा. घाण्याच्या तेलात दाण्याचं प्रथिन उरतं. घरी मिक्सरचं भांडं वेगळं ठेवा. झाकणाच्या रबरी रिंगेखाली कूट अडकून बसतं, वरवर धुऊन निघत नाही.

ॲलर्जीचा जीवघेणा झटका आला तर द्यायचं ॲड्रिनलिनचं इंजेक्शन मांडीत कसं द्यायचं, किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून आणि शिकून घ्या. आजीलाही शिकवा, दुपारी मुलगी त्यांच्याकडेच असते ना? दम लागला, आवाज बसला, तर आधी इंजेक्शन आणि मग थेट दवाखाना. आणि हळदीच्या कॅप्सूल मुलांना परस्पर देऊ नका, जास्त मात्रेने यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.