पहिला क्यूबसॅट (घनाकार छोटा उपग्रह) करताय? आधी उंची ठरवा

पेलोड (उपग्रहावरचं कामाचं उपकरण) नंतर, कक्षेची उंची आधी. 10 सेंटिमीटरच्या 1यू (एका घनाच्या) क्यूबसॅटला बहुधा इंजिन नसतं. समोरून काही आलं तरी बाजूला होता येत नाही. त्याला खाली आणते ती फक्त विरळ हवेची ओढ. 400 किमीवर तो साधारण वर्ष-दोन वर्षांत जळून जातो, 800 किमीवर शतकभर फिरत राहतो. मधला हिशेब सूर्याच्या 11 वर्षांच्या चक्रावर हलतो, सूर्य शांत असला की वरची हवा आणखी विरळ होते आणि उपग्रह जास्त काळ टिकतो, म्हणून शांत सूर्य धरूनच मांडा.

600 किमी वाट्याला आलं तर ड्रॅग सेल, म्हणजे हवेची ओढ वाढवून उपग्रह लवकर खाली आणणारं शीड, लावा. ते शीड उघडेपर्यंत बांधून ठेवणारा नायलॉनचा दोरा रेझिस्टरच्या उष्णतेने तुटतो. थंडीत बॅटरीचा व्होल्टेज पडला की तुटतच नाही. दोन रेझिस्टर, दोन वेगळी सर्किट ठेवा आणि चाचणी थर्मल व्हॅक्यूम चेंबरमध्ये (अंतराळासारखी निर्वात आणि थंड-गरम स्थिती देणारी पेटी), किमान तापमानाला करा. टेबलावरची चाचणी धरूच नका.

मोहीम संपल्यावर चार्जिंग कायमचं तोडणारी कमांडही हवी. जास्त चार्ज झालेली बॅटरी फुटली, तर अंतराळातल्या कचऱ्यात भर तुमचीच.