जुनी ५४०, उतरणारी बॅटरी आणि 'अख्खं वायरिंग बदलू' हा सल्ला

तुमची तक्रार आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय का ते कळेल. १९९४ ची महिंद्रा ५४० जीप, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली, सावंतवाडीच्या पावसात उभी राहणारी. दोन दिवस हलवली नाही की बॅटरी उतरते. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) कधी एका फटक्यात लागतो, कधी नुसता 'टक्' करून गप्प. ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर मिणमिणतात. नवी बॅटरी टाकून झाली, डायनॅमो (गॅरेजच्या भाषेत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) बांधून झाला, आणि आता गॅरेजवाला म्हणतोय की अख्खं वायरिंग बदलू.

नका बदलू. निदान आत्ता तरी नको. मला यात एक नाही, तीन वेगवेगळे आजार दिसतात आणि तिन्ही मिळून फार तर दोन रविवारांचं काम आहे. वायरिंग बदलून यातला कदाचित एकच जाईल. उरलेले दोन नव्या वायरीतही तसेच राहतील, कारण ते वायरीत नाहीतच.

जुन्या जीपची वीज म्हणजे फारसं काही नसतं. ५४० च्या प्यूजो एक्सडीपी इंजिनाला डिझेल पंप आणि नोझल पूर्णपणे यांत्रिक आहेत. एकदा इंजिन सुरू झालं की बॅटरी काढून घरी ठेवली तरी ते चालत राहील (प्रयोग करू नका, कारण खाली येतंय). ईसीयू (इंजिनाचा संगणक) नाही, सेन्सर नाहीत. सेल्फ, हीटर प्लग, चार्जिंग, दिवे, हॉर्न, वायपर आणि दोन-तीन काटे. बिघाड लपायला जागाच कमी. जागा नंतरचे लोक करून देतात. तुमची गाडी कधीतरी वडापला (सीटवर पैसे घेऊन प्रवासी नेण्याला) चालली असणार, आमच्याकडच्या बहुतेक चालल्यात. वडापची गाडी म्हणजे टेप, अँप्लिफायर, दोन जादा हॉर्न, मागच्या सीटवाल्यांसाठी पंखा, डॅशबोर्डवर देवाचा दिवा. प्रत्येक मालकाने आपली हौस जोडली आणि विकताना वस्तू काढून घेतली. वायर मात्र तिथेच राहिली, पीळ देऊन टेप मारलेली.

साडेतीनशे-चारशेचा साधा डिजिटल मीटर घ्या. टेस्ट लॅम्प असेल तर उत्तमच. आणि एक सवय लावून घ्या: तपासणी लोड टाकून, म्हणजे वस्तू चालू करून करायची. मीटर 'बीप' वाजवतो म्हणून वायर चांगली, हे जुन्या गाडीत खरं नसतं. अर्थिंगच्या (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या) जाड पट्टीचे सगळे धागे तुटून दोनच उरले असले तरी मीटर बीप देणारच. पण डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना दोनशे अँपिअर सहज ओढतो. वाटेत शंभरांश ओहम एवढा क्षुल्लक अडथळा असला तरी दोन व्होल्ट तिथेच जिरतात, आणि सेल्फला उरतं ते 'टक्' म्हणण्यापुरतं.

म्हणून पहिला आजार, सेल्फचा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी बाहेर चार्जिंगला लावा, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवतील. आता मदतीला कोणाला तरी बसवा आणि स्टॉपची नॉब ओढून धरायला सांगा, म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, सुरू होणार नाही. सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावर) ९.६ च्या खाली जायला नको. खाली गेलं तर बॅटरी बसलीय, नाहीतर सेल्फच जाम आहे. ते ठीक असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी सेल्फच्या बॉडीला लावून पुन्हा सेल्फ मारा. ०.२ पर्यंत चालेल. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला: अर्थिंग. तसंच पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत करा. तिथे ०.५ पेक्षा जास्त नको. दोन्हीकडे ठीक असूनही 'टक्' होत असेल तरच सेल्फ उतरवायचा. मग सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेले असतील, नाहीतर सेल्फचे कार्बन ब्रश संपलेले.

माझी पैज अर्थिंगवर आहे, आणि त्यामागे एक आठवण आहे. माझी ५४० मी आजरा भागातून घेतली होती. पहिल्याच वर्षी क्लचचं काम करून घेतलं आणि आठवड्याभराने भर पावसात आंबोलीला गेलो. धबधब्यापाशी थांबलो, परत निघताना सेल्फ दोनदा 'टक्', तिसऱ्यांदा कसाबसा फिरला. इंजिन लागलं, पण डॅशबोर्डमागून जळका वास. स्टॉपची नॉब ओढायला हात घातला तर चटकाच बसला. केबलवरचं प्लास्टिक वितळून आतली तार आवरणाला चिकटली होती, नॉब हलेना. शेवटी चौथ्या गिअरला ब्रेकवर पाय दाबून क्लच सोडला, तेव्हा कुठे इंजिन बंद पडलं.

झालं असं होतं, की क्लचच्या वेळी काढलेली इंजिन ते चेसिस पट्टी मेकॅनिक परत लावायला विसरला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणजे पट्टी नसेल तर ते चेसिसपासून तुटलेलं. पण सेल्फच्या करंटला परतीची वाट हवीच असते. ती त्याने पंपापासून डॅशबोर्डपर्यंत जाणाऱ्या स्टॉपच्या केबलमधून शोधली. पेनाच्या रिफिलएवढ्या तारेतून सेल्फचा करंट! तुमच्या गाडीत स्टॉपची किंवा ॲक्सिलरेटरची केबल सेल्फ मारल्यावर कोमट लागत असेल, तर मीटरही काढायला नको.

दुरुस्ती सोपी आहे. तीन अर्थ, म्हणजे अर्थिंगचे जोड, बघायचे: बॅटरी ते चेसिस, इंजिन ते चेसिस आणि बॉडी ते चेसिस. तिसरा लोक विसरतात. बॉडी रबरी पॅडवर बसते आणि बोल्टभोवती रंगाचे चार थर असतात. प्रत्येक ठिकाणी बोल्ट खोला, पॉलिश पेपरने खालचा पत्रा चकाकेपर्यंत घासा, नवी पट्टी लावा, स्टार वॉशर टाका, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. आधी ग्रीस आणि मग थिंबल (वायरीच्या टोकाचं कडं) असं नको. बॅटरीचे क्लॅम्पही आतून घासा. बाहेरचा फुलोरा गरम पाण्याने धुऊन समाधान मानणारे पुष्कळ बघितलेत. खरी काळी पापुद्री क्लॅम्प आणि खांबाच्या मध्ये असते. पाना लावताना निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी जोडायचा. हातात अंगठी, कडं असेल तर काढून ठेवा.

दुसरा आजार, ब्रेक दाबल्यावर मिणमिणणारे इंडिकेटर. हा तर मला फार आवडतो, कारण यात सगळे लोक स्विच बदलतात. मागच्या दिव्यात एकाच घरात ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटरचे बल्ब असतात आणि तिघांचं अर्थिंग एकच: दिव्याचा पत्रा. पावसाने तो गंजला की ब्रेकच्या २१ वॅटच्या करंटला जमिनीकडे जाता येत नाही. मग तो शेजारच्या बल्बमधून उलटा शिरतो, त्या वायरीने पुढे जातो आणि पुढच्या दिव्याच्या अर्थिंगमधून बाहेर पडतो. वाटेतले सगळे अर्धवट पेटतात. खात्री करायची तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर नेऊन दिव्याच्या पत्र्याला टेकवा आणि ब्रेक दाबायला सांगा. मिणमिणणं थांबलं की निदान झालं. प्रत्येक मागच्या दिव्याला चेसिसपर्यंत स्वतंत्र काळी वायर द्या, पुन्हा पत्र्याच्या भरवशावर सोडू नका. कोकणात तर नकोच. दोन असंबंधित गोष्टी एकदम बिघडल्या, हेडलाइट लावल्यावर डिझेलचा आणि तापमानाचा काटा एकत्र हलला, की त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधायचं. बहुतेक वेळा अर्थिंगच निघतं.

आता तिसरा आणि चिवट आजार, उतरणारी बॅटरी. यात दोन शक्यता: भरतच नाही, किंवा भरलेली गळते. भरते का ते आधी बघा. इंजिन जरा रेसवर, हेडलाइट चालू, बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. १५ कडे जात असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय आणि नवी बॅटरीही उकळून मरेल. १२.५ वरच अडलं असेल तर डायनॅमो पुन्हा बांधायला देण्याआधी चावी लावल्यावर डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा पेटतो का ते बघा. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडालेला असेल, किंवा कोणी हौसेने तिथे एलईडी लावला असेल, तर अल्टरनेटर जागाच होत नाही किंवा खूप रेस केल्यावर होतो. दहा रुपयांच्या बल्बसाठी डायनॅमो बांधून घेतलेले लोक मला माहीत आहेत. त्यातला एक मी.

(आणि हो, चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून 'चार्जिंग आहे का' बघायची जुन्या मेकॅनिकांची पद्धत. ती खऱ्या डायनॅमोच्या जमान्यातली आहे. अल्टरनेटरवर हा प्रयोग केला की व्होल्टेज उसळतं आणि आतले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जातात. कोणी करायला लागला तर हात धरा.)

गळती शोधायची तर चावी बंद, दारं-दिवे बंद. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि तिच्या व खांबाच्या मध्ये मीटर १० अँपिअरवर जोडा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ किंवा हीटर चुकूनही लावू नका, मीटरचा फ्यूज जाईल. या गाडीत आकडा जवळपास शून्य हवा. टेपची मेमरी असेल तर ०.०२ वगैरे. माझ्या गाडीत ०.७ निघाला. ऐकायला किरकोळ, पण ४८ तासांनी गुणा: सुमारे साडेतेहतीस अँपिअर-तास. ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतली जवळजवळ निम्मी गेली.

मग एकेक फ्यूज काढत आकडा कधी पडतो ते बघायचं. माझ्याकडे सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलला नाही. म्हणजे फ्यूज बॉक्सला वळसा घालून कोणीतरी थेट बॅटरीवरून घेतलंय. पॉझिटिव्ह क्लॅम्पवर मोजल्या तर जाड वायर सोडून आणखी चार वायरी. एकेक सुटी करत गेलो. तिसऱ्या वायरीला आकडा शून्य. ती चटईखालून मागे जात होती, आणि मागच्या सीटच्या पेटीत, गोणपाटाखाली, एक अँप्लिफायर जिवंत होता. टेप कधीच गेला होता, स्पीकर गेले होते. तो बिचारा वर्षानुवर्षं कोणासाठी तरी गरम होत बसला होता.

थेट वायरी सगळ्या सोडवूनही गळती राहिली तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवा (टोकाला टेप गुंडाळून ठेवा, ती जिवंत असते). आकडा तिथे पडला तर डायोड गळतोय, आणि मग डायनॅमोवाल्याकडे नेमकं काय करायचं ते सांगून जाता येईल.

सापडलेल्या बेवारस वायरी नुसत्या कापून टेप मारू नका, मुळापासून काढा. ठेवायच्या असतील त्यांना बॅटरीजवळच फ्यूज द्या. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी दिसली तर ती आधी फेका. डिझेलची टाकी सीटखाली आहे, हे विसरू नका.

हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) जरूर लावा, पण हे सगळं झाल्यावर. ६० वॅटचे दोन बल्ब दहा अँपिअर ओढतात आणि ते सगळं तीस वर्षं जुन्या स्विचमधून, डिपरमधून फिरून येतं. १२ च्या जागी १०.८ व्होल्ट पोचले तर उजेड साधारण तीस टक्के घटतो. लोक मग शंभर वॅटचे बल्ब टाकतात, म्हणजे करंट वाढतो, आणखी व्होल्ट जिरतात आणि स्विच वितळतो. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून दिवा, ८६ ला जुन्या स्विचची वायर, ८५ ला अर्थ. लो आणि हायला एकेक रिले, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर, १५ अँपिअरचा फ्यूज. साधेच बल्ब राहू द्या, घाटात फरक दिसेल.

गाडी गोठ्याशेजारी किंवा भाताच्या कणगीजवळ उभी असते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तसं असेल तर बॅटरीच्या ट्रेखाली आणि डॅशमागे टॉर्चने उजेड टाकून बघा, उंदरांनी सोललेली वायर सुकी असताना काम करते आणि पाऊस लागला की फ्यूज उडवते.

आता मला चार आकडे हवेत: रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवरचे व्होल्ट, सेल्फ मारताना निगेटिव्ह खांब ते सेल्फ बॉडी, इंजिन चालू आणि हेडलाइट लावून बॅटरीवर किती, आणि चावी बंद असताना गळती किती अँपिअर. शिवाय पॉझिटिव्ह क्लॅम्पवर किती वायरी आहेत ते मोजून सांगा. गॅरेजवाल्याला तोवर पैसे देऊ नका.