‘छान आहे’ म्हणाले, पण माझी रात्र कोणी पाहिली?

“ऑपरेशननंतर नीट लक्ष दिलं जात नाही. पण बोलले तर डॉक्टर दुखावतील, आणि पुन्हा जायचंय त्यांच्याकडेच.” डॉक्टरांशी कसं बोलायचं ते ठरवायला माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांच्या मनात ही धास्ती असते. त्यांतल्या एका बाईंबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गुडघा बदलून सहा आठवडे झाले होते. सोबत मुलगी होती. दोन्ही हातांनी पाय उचलून पुढे ठेवत त्या म्हणाल्या, “मॅडम, मी फार चिडचिडी झालेय.” मुलगी म्हणाली, “एक्स-रे चांगला आलाय, डॉक्टरही सांगतात. पण आईला पटतच नाही.”

रात्री दीडच्या सुमाराला कळ सुरू व्हायची, ती पहाटेपर्यंत. फोन केला की “निरोप देतो” आणि मग काहीच नाही. तपासणीला गेलं की डॉक्टर व्रण बघत, गुडघा वाकवून बघत, “छान आहे” म्हणत आणि पुढच्या पेशंटला बोलावत.

डॉक्टर खोटं बोलत नव्हते. या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीचे काही आठवडे रात्री दुखणं नेहमीचंच, सूज तर काही महिनेही राहते. पण हे बाईंना कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. त्यामुळे रोज रात्री त्यांना वाटायचं, आत काहीतरी मोडलं. दुखण्यापेक्षा त्याचा अर्थ एकटीनं लावत बसण्याचा तो संताप होता, असं मला ठामपणे वाटतं.

सरावासाठी मी डॉक्टरांची भूमिका घेतली आणि त्यांना बोलायला सांगितलं. त्यांनी दवाखान्यात भरती झाल्या त्या दिवसापासून सुरुवात केली. मी मुद्दाम मधेच तोडलं, तशा त्या गप्प झाल्या. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी तपासणीच्या वेळची संभाषणं ध्वनिमुद्रित करून अभ्यासली, तेव्हा डॉक्टर रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत थांबवत असल्याचं दिसलं होतं. म्हणून पहिल्या वाक्यातच मुख्य गोष्ट यायला हवी.

त्यांच्या तक्रारी एकमेकींत गुंतल्या होत्या, त्या सोडवल्या. रात्रीचं दुखणं डॉक्टरांना सांगायचं. फोनचंही त्यांनाच, पण नंतर. बाई ओरडत असतानाही फिजिओथेरपिस्ट पाय दाबतात, हे मात्र तिथल्या तिथे त्यांनाच: “थांबा, आता सहन होत नाही.” आठवडाभर एका कागदावर नोंद ठेवायची: दुखायला लागलं ती वेळ, शून्य ते दहात किती, त्या दिवशी कोणता व्यायाम, गोळी कधी घेतली.

वाक्य ठरलं: “डॉक्टर, या आठवड्यात पाच रात्री मी झोपले नाही. हे व्हायचंच असतं की काही बिघडलंय, मला कळत नाही. मला भीती वाटते.” शेवटच्या तीन शब्दांवर त्या अडल्या. “भीती काय सांगायची? लहान आहे का मी?” सगळ्यात जास्त वेळ आम्ही तिथेच घालवला. “आई, तू मलासुद्धा हे कधी बोलली नाहीस,” मुलगी हळूच म्हणाली.

एक गोष्ट मी त्यांना बजावून सांगितली, इथेही सांगते. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, धाप लागणं यांतलं काहीही झालं तर वाक्यं जुळवत बसू नका, भेटीच्या तारखेचीही वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

भेटीत डॉक्टर आधी म्हणाले, “सांगितलं होतं ना तुम्हाला.” बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि कागद पुढे केला. तो वाचून ते खुर्ची ओढून बसले. व्यायाम झालेल्या दिवशीच रात्र वाईट जात होती, आणि शेवटची गोळी संध्याकाळी सातला घेतली जात होती. त्यांनी गोळीची वेळ बदलली, व्यायाम बेतानं घ्यायला सांगितलं आणि थेट बोलता येईल असा नर्सचा नंबर दिला.

फोनचा विषय काढला तेव्हा मात्र ते नुसते गप्प बसले. “माफी नाही मागितली,” बाई मला म्हणाल्या. मागायला हवी होती, असं मी स्पष्ट सांगितलं. दवाखान्याच्या व्यवस्थापनाला द्यायच्या पत्राचा मसुदा त्यांच्या पर्समध्ये आहे. द्यायचं की नाही ते त्या ठरवतील. आता रात्री चार-पाच तास सलग झोप लागते.