धड्यातला व्हिडिओ अचानक बंद पडतो तेव्हा

प्रश्न : देवगडजवळ आमची आंबा-काजूची रोपवाटिका आहे. कलमे बांधायला येणाऱ्या नव्या मुलांसाठी आम्ही मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर प्रशिक्षणवर्ग घेतो. धड्यांत यूट्यूबवरील इतरांच्या व्हिडिओंच्या लिंक दिल्या आहेत. यंदा ऐन पावसाळ्यात कोय कलमाचा (कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर कलम कसे बांधायचे याचा) व्हिडिओ बंद पडला आणि ती लिंक किती धड्यांत आहे, हेच आम्हाला सांगता येईना. व्हिडिओ डाउनलोड करून आपल्याकडेच ठेवावेत का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : ठेवू नयेत. परवानगीवाचून दुसऱ्याचा व्हिडिओ उतरवून पुन्हा चढवणे यूट्यूबच्या नियमांत बसत नाही आणि त्यात कॉपीराइटचा भंगही होऊ शकतो. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाना, म्हणजे इतरांनी वापरण्यास मालकाने आधीच दिलेली मोकळीक, असल्यास श्रेय देऊन पुनर्वापर करता येतो. एरवी मालकाला विचारावे.

तुमची खरी अडचण लिंक विखुरलेल्या असण्याची आहे. लिंक धड्याच्या मजकुरात ठिकठिकाणी न चिकटवता मूडलमधील ‘यूआरएल’ या स्वतंत्र घटकात एकदाच ठेवावी आणि इतर धड्यांतून त्या घटकाकडे पाठवावे, म्हणजे पुढे एकाच जागी बदल करावा लागतो. मात्र नव्या तुकडीसाठी वर्गाची प्रत काढली की जुन्या लिंकही तिच्याबरोबर जातात, म्हणून एका एक्सेल तक्त्यात व्हिडिओचे शीर्षक, चॅनेल, त्यातील नेमकी कोणती मिनिटे हवीत, तो कोणकोणत्या वर्गांत आहे आणि पर्यायी व्हिडिओ कोणता, हे लिहून ठेवावे. शीर्षकाची नोंद अनेकांना फालतू वाटते. पण व्हिडिओ काढून टाकल्यावर निव्वळ लिंकवरून त्यात काय होते ते कळत नाही.

लिंक तपासणाऱ्या साधनांवर मी फारसा विसंबणार नाही, कारण काढून टाकलेल्या व्हिडिओचेही पान उघडते, त्यावर फक्त ‘व्हिडिओ उपलब्ध नाही’ एवढेच लिहिलेले असते, आणि पान उघडले म्हणून साधन लिंक चालू असल्याचे सांगते. तेव्हा तुकडी सुरू होण्यापूर्वी कोणीतरी विद्यार्थ्याच्या खात्यातून, मोबाइलवर, प्रत्येक व्हिडिओ प्रत्यक्ष चालवून पाहावा. मालकाने इतर संकेतस्थळांवर दाखवण्यास मनाई केली असेल, तर यूट्यूबवर व्यवस्थित चालणारा व्हिडिओ धड्यात मात्र चालत नाही, हेही त्यातच कळते.

‘अनलिस्टेड’ व्हिडिओंबाबत, म्हणजे शोधून न सापडणाऱ्या, फक्त लिंक असलेल्यालाच दिसणाऱ्या व्हिडिओंबाबत, विशेष सावध राहावे. जानेवारी २०१७ पूर्वी चढवलेले असे व्हिडिओ यूट्यूबने जुलै २०२१ मध्ये ‘प्रायव्हेट’ केले, म्हणजे मालकाने परवानगी दिलेल्यांनाच ते दिसू लागले. ज्या मालकांनी तसे करू नये असे कळवले होते, त्यांचेच तेवढे वगळले. त्या वेळी कित्येक लिंक मालकाने काहीही न करता बंद पडल्या.

कोय कलमासारखा मुख्य धडा तर तुम्ही स्वतःच चित्रित करावा, असे मी सुचवेन. कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून मधोमध चीर देणे, डोळकाडीला (रोपावर जोडायच्या चांगल्या झाडाच्या काडीला) पाचरीसारखा काप घेणे आणि पट्टी घट्ट बांधणे एवढेच जवळून दिसले तरी काम भागते. यूट्यूबवर त्याच लिंकवर नवी फाइल बसवता येत नाही, दुरुस्त व्हिडिओला नवी लिंक मिळते, म्हणून चढवण्यापूर्वी तो कलमे बांधणाऱ्या जुन्या माणसाला एकदा दाखवून घ्यावा आणि मूळ फाइल जपून ठेवावी.