'समुदाय पोहोच' कुणाला पोचली?

फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा तिथल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत आठवीला आहे. दर बुधवारी दुपारी त्याचा वर्ग शाळेबाहेर पडतो. कधी मुलं गरजू घरांसाठी शिध्याच्या पिशव्या भरतात, कधी वृद्धाश्रमात जाऊन पत्ते खेळत बसतात. प्रगतिपुस्तकात याला 'सोशल जस्टिस अँड कम्युनिटी आउटरीच' असा वेगळा रकाना आहे. सांगलीच्या आजींना फोनवर वाचून दाखवायचा म्हणून ताईंनी तो मोबाइलकडून मराठीत करून घेतला, तर आलं 'सामाजिक न्याय आणि समुदाय पोहोच'. आजींनी विचारलं, "मग पोच मिळाली का?" ताईंना हवं आहे ते याचं धड मराठी.

आजींचं काही चुकलं नाही. आपल्याकडे पोच असते ती मनीऑर्डरीची, रजिस्टर पत्राची, नाहीतर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतो ती. 'त्याला पोच नाही' म्हटलं की कुठे काय बोलावं हे कळत नाही, असा अर्थ. 'आउटरीच'मधलं कुणाकडे आपणहून जाणं यातल्या कशातच नाही.

'कम्युनिटी'ची तर आणखी पंचाईत. शब्दकोश 'समाज' सुचवतो. पण 'आमच्या समाजात' असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात जातच येते, आणि 'समाजाचा मेळावा' म्हणजे वधूवर मेळावा. 'समाजसंपर्क' लिहिलंत तर नातू ज्ञातीच्या मंडळात काम करतो असं सांगलीत सगळ्यांना वाटेल! 'जनसंपर्क' शब्द सरकारी आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांनी कधीच नेला. 'विस्तार' शेतकी खात्याकडे गेला. विद्यापीठांनी आवाराबाहेरच्या लोकांना शिकवण्यासाठी 'बहिःशाल' असा एक फार देखणा शब्द घडवला होता, तो मला मनापासून आवडतो, पण आजींना तो फोनवर ऐकवा आणि काय होतं ते पाहा. राहिली 'समाजसेवा'. तिला आता थट्टेचा वास येतो. "काय, फुकटची समाजसेवा चाललीय वाटतं?" हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलंय. कॉलेजात असताना आमच्या सेवा योजनेच्या शिबिरात घमेली-फावडी हातात येण्याआधी फलक बांधून फोटो काढून झाला होता, त्यामुळे मी या बाबतीत जरा पूर्वग्रहदूषित आहे.

'सामाजिक न्याय' मात्र आहे तसा ठेवा. संविधानाच्या उद्देशिकेतला शब्द आहे. आपल्याकडे त्याबरोबर शिष्यवृत्ती, वसतिगृहं, २६ जूनची शाहू जयंती असं सगळं डोळ्यासमोर येतं. क्वेकर शाळेतला अर्थ थोडा वेगळा असला तरी परका नाही.

हा अर्थ कळायला क्वेकरांची भाषा बघावी. (ओट्सच्या डब्यावरच्या हसऱ्या टोपीवाल्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही, कंपनीने नुसतं नाव उचललं.) 'क्वेकर' म्हणजे थरथरणारे. पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स १६५० साली इंग्लंडात डार्बीच्या न्यायाधीशासमोर उभा होता. देवाच्या शब्दापुढे कापा, असं तो म्हणाला, आणि न्यायाधीशाने कुचेष्टेने हे नाव ठेवलं. ते स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणवतात. त्या काळी इंग्रजीतही तू आणि तुम्ही होतं. क्वेकर मंडळी न्यायाधीशालाही 'तू' म्हणायची, टोपीही काढायची नाहीत, आणि त्यापायी तुरुंगात जायची. पुढे सगळी इंग्रजीच 'तुम्ही'वर येऊन सपाट झाली. क्वेकरांनी ती 'तू'वर सपाट करायला घेतली होती. आजही बऱ्याच क्वेकर शाळांत मुलं शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात. आपल्या बाई-सरांच्या जगातून गेलेल्या पालकांना हे पचायला एखादं सत्र लागतं.

ज्यांनी उतरंडच मोडायची म्हटली, त्यांच्या कामाला वरून खाली हात देणारा शब्द चालणार नाही, अडचण आहे ती ही. पण क्वेकरांनाही हे एका दिवसात जमलं नाही. १६८८ साली फिलाडेल्फियालगतच्या जर्मनटाऊनमध्ये चौघांनी गुलामगिरीविरुद्ध अर्ज लिहून आपल्या सभेपुढे ठेवला. तो वरच्या सभेकडे, तिथून आणखी वरच्या सभेकडे गेला आणि बाजूला पडला. (पोच मिळाली असावी!) गुलाम बाळगणाऱ्याला सभासद ठेवायचं नाही, असं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने ठरवलं ते १७७६ मध्ये. मधल्या काळात अँथनी बेनेझेट नावाचा क्वेकर शिक्षक १७५० पासून संध्याकाळी स्वतःच्या घरी कृष्णवर्णीय मुलांना शिकवत होता. त्याच्याच खटपटीने १७७० मध्ये त्यांच्यासाठी शाळा निघाली. इतकं होऊनही अनेक क्वेकर शाळांचे नेहमीचे वर्ग या मुलांना खुले झाले ते थेट विसाव्या शतकाच्या मध्यावर. रात्रशाळा म्हटल्यावर आपल्याला जोतीराव-सावित्रीबाई आठवणारच. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं तेही अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना.

तर माझा कौल 'शेजारधर्म' या शब्दाला. यातला धर्म म्हणजे कर्तव्य, तेव्हा शाळा एका पंथाची आहे म्हणून बिचकायला नको. शेजारात कुणी कुणाचा उद्धार करत नाही. साखरेची वाटी जाते आणि परत येताना रिकामी येत नाही, तिच्यात लिंबाचं लोणचं, निदान दोन पेरू तरी असतात. ताईंनी लिहिलंय की वृद्धाश्रमातल्या एका आजोबांनी मुलाला पत्त्यांचा एक नवा डाव शिकवला आणि आता घरात रोज तोच चालतो. 'आउटरीच'च्या रकान्यात हे कुठे लिहिणार? शेजारधर्मात ते आपोआप बसतं. कागदावर 'सामाजिक न्याय आणि शेजारधर्म' लिहा. बोलताना "बुधवारी तो आसपासच्या वस्तीत हातभार लावायला जातो" एवढं पुरे.

जाता जाता त्यांनी 'कन्सर्न'बद्दलही विचारलंय. शाळेच्या मौन-सभेत मुलं समोरासमोरच्या बाकांवर गप्प बसतात. कुणाला आतून अगदीच राहवलं नाही तर उठून दोन वाक्यं बोलायची, पुन्हा शांतता. एखाद्या गोष्टीबद्दल असं आतून उमटणारं आणि माणसाला कामाला लावणारं जे काही, त्याला क्वेकर 'कन्सर्न' म्हणतात. मोबाइल त्याचं 'चिंता' करील. ते करू देऊ नका. त्याला 'कळवळा' म्हणा, आजींना अर्थ सांगावा लागणार नाही.