आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत मला एकूण ७ बँड (म्हणजे गुण) मिळाले आहेत, पण लेखनात ५.५, आणि विद्यापीठाची अट ‘एकूण ६.५, प्रत्येक विभागात किमान ६’ अशी आहे. प्रवेश मिळेल का?

या गुणांवर थेट प्रवेश बहुधा मिळणार नाही, कारण एकूण बँड आणि विभागवार किमान बँड या दोन स्वतंत्र अटी असून दोन्ही पूर्ण कराव्या लागतात. एकूण बँड ही चार विभागांची सरासरी असते: श्रवणात ८, वाचनात ७.५, संभाषणात ७ आणि लेखनात ५.५ मिळाले, तरी सरासरी ७ येते आणि लेखनातील उणीव तीत दिसेनाशी होते. विभागवार अट असते ती नेमकी यासाठीच, आणि ती मला योग्य वाटते. पदवीचे मूल्यमापन निबंध, अहवाल आणि प्रबंध यांवरच मोठ्या प्रमाणात होते. पुन्हा तयारी करताना सर्वाधिक वेळ किमान २५० शब्दांच्या निबंधाला द्यावा, कारण लेखनाच्या गुणांत त्याचे वजन १५० शब्दांच्या पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट असते. संगणकावर परीक्षा दिली असल्यास काही केंद्रांवर ६० दिवसांच्या आत एकाच विभागाची फेरपरीक्षा देता येते. मात्र असा निकाल प्रत्येक विद्यापीठ स्वीकारत नाही, तर काही विद्यापीठे प्रवेशपूर्व भाषावर्गाच्या अटीवर सशर्त प्रवेश देतात. म्हणून शुल्क भरण्याआधी प्रवेश विभागाकडून लेखी उत्तर मागवावे.