झाकलेलं आणि ताब्यातलं

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. द्राक्षाचा हंगाम लागला की पॅकहाऊसच्या मजुरीची रोकड घेऊन नाशिक-पिंपळगाव फेऱ्या सुरू होतात, म्हणून तू परवान्याच्या मागे लागलीस. आता दुकानदाराने एक जुनं वॉल्थर पीपीके, म्हणजे जर्मन कंपनीचं छोटं पिस्तूल, दाखवलंय आणि तुझा जीव त्यात अडकलाय. (मजुरी थेट खात्यांवर टाकलीस तर निम्मा प्रश्न पिस्तुलाशिवायच सुटतो, पण हे तुला सांगून झालंय.) तू विचारलंयस ते एवढंच, की ते पर्समध्ये कसं बाळगायचं. पर्सपाशी मी येतोच, पण वाट थोडी लांबची आहे.

झाकून बाळगणं ही परदेशी सिनेमातली शैली आहे असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे तो नियम आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते अंगावरच्या होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) किंवा पाठपिशवीसारख्या आवरणात हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याच्या प्रभावी ताब्यात हवं. झाकलेलं आणि ताब्यात, या दोन अटी एकमेकींना ओढतात. जितकं खोल झाकशील तितका ताबा सुटतो. पिस्तूल कुठलं घ्यायचं, कुठे ठेवायचं, सराव कशाचा करायचा, हे सगळं या ओढाताणीवर ठरतं.

परवान्याचं थोडक्यात. वय २१ पूर्ण हवं, ते तुझं आहे. नाशिक शहरात राहणाऱ्याला पोलीस आयुक्तालय परवाना देतं. तू पिंपळगावची रहिवासी, म्हणजे ग्रामीण हद्द, तेव्हा तुझा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. अर्ज नमुना ए-१ मध्ये, सोबत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं. हातात आल्यावर तीन गोष्टी वाच: कुठल्या क्षेत्रात चालतो, एका वेळी किती काडतुसं ठेवता येतात आणि वर्षाला किती घेता येतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या दोन महिने आधी टाकायचा, शेवटच्या आठवड्यात नाही.

आता पीपीके. सामान्य नागरिकाला ९ मिमीचं पिस्तूल मिळत नाही, तो बोअर, म्हणजे नळीचं ते माप, प्रतिबंधित आहे. राहतं ते मुख्यतः .३२ (इंचाच्या मापाचं). त्यात एकीकडे आपल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं अशनी पिस्तूल, आणि दुसरीकडे आयात खुली असताना आलेली, आज हातोहात फिरणारी वॉल्थर, ब्राउनिंग, वेब्ली यांची जुनी हत्यारं. जुन्या वॉल्थरला जी किंमत पडते ती दुर्मीळपणाची. गोळी दोघांतून तीच जाते, ७१ ग्रेनच्या (साधारण साडेचार ग्रॅमच्या) आसपासची. फरक आहे तो घडणीत: पीपीकेला डबल ॲक्शन आहे, म्हणजे पहिला चाप लांब आणि पाच-सहा किलोंचा जड, पुढचे हलके, चढलेला घोडा (मागचा हातोडा) गोळी न उडवता खाली उतरवणारी कळ, म्हणजे डीकॉकर, स्लाइडच्या (वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) डाव्या बाजूला आहे, आणि चेंबर (नळीमागची काडतूस बसायची जागा) भरलेलं असलं की घोड्याच्या वर बारीक पिन बाहेर येते, ती अंधारात बोटालाही कळते. हे खरोखर चांगलं आहे. वाईट हे की मॅगझिन (काडतुसांची पेटी), स्प्रिंग, फायरिंग पिन (काडतुसावर आपटून ते उडवणारी सुई) यातलं काही बिघडलं तर नवं कुठून आणशील? अशनीची घडण उन्नीस असेल, पण ती आजही इथेच बनते.

घ्यायचंच असेल तर दुकानात पेन्सिल घेऊन जा. मागे खोडरबर असलेली, नळीत सैल जाईल अशी. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री कर, नळी छताकडे कर, पेन्सिल खोडरबराच्या बाजूने आत सोड, घोडा चढव आणि डीकॉकर खाली दाब. घोडा पडेल, पण पेन्सिल जागची हलता कामा नये. हलली तर डीकॉकर घोड्याला अडवत नाहीये, आणि भरलेल्या पिस्तुलात तीच पेन्सिल म्हणजे गोळी असती. मग डीकॉकर पुन्हा वर करून चाप ओढ. आता पेन्सिल टुणकन उडाली पाहिजे. नळीत उजेड पाडून खड्डे बघ. स्लाइड मागे ओढून चार-पाच वेळा जोरात सोड आणि घोडा आपोआप पडतो का ते पाहा. पडत असेल तर सिअर, म्हणजे चढलेला घोडा रोखून धरणारा खटका, झिजलाय, ते हत्यार तिथेच ठेव. फ्रेमवरचा (मुठीकडच्या सांगाड्यावरचा) नंबर विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या नंबराशी अंक अंक जुळव. दुकानाऐवजी थेट दुसऱ्या परवानाधारकाकडून घेतलंस तर विकणाऱ्याने आधी लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं, असं कायदा सांगतो. ‘आज न्या, कागद मागून करू’ म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिर.

स्लाइड ओढायला जड जाते, असं तू लिहिलंयस. या पिस्तुलांत नळी फ्रेमला पक्की असते आणि मागचा धक्का नुसती स्प्रिंग आणि स्लाइडचं वजन झेलतात, म्हणून स्प्रिंग कडक. ताकदीपेक्षा पद्धत चुकते. चिमटीत धरून ओढू नकोस. पिस्तूल छातीजवळ आण, नळी समोर सुरक्षित दिशेला, डाव्या हाताची चारही बोटं स्लाइडवरून पलीकडे टाकून मुठीत पकड, तो हात स्थिर ठेव आणि उजव्या हाताने फ्रेम पुढे ढकल. घोडा आधी चढवलास तर आणखी सोपं. सोडताना हाताने सोबत करू नकोस, स्लाइड झटक्यात जाऊ दे, नाहीतर काडतूस अर्ध्यात अडकतं. आणि मूठ खूप वर धरलीस तर पीपीकेची स्लाइड अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलते.

काडतुसं घेताना ‘बत्तीसची द्या’ एवढं म्हणू नकोस. रिव्हॉल्व्हरचं .३२ वेगळं, लांब आणि बुडाला पूर्ण कड असलेलं, पिस्तुलाचं .३२, म्हणजे ७.६५ मिमी, वेगळं, आखूड. डबा उघडून बघ. पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडालाही किंचित बाहेर आलेली कड असते, आणि या पिस्तुलांचं सगळ्यात चिवट दुखणं तिथेच आहे. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. स्लाइड ढकलते, काडतूस हलत नाही. मग कितीही झटके दे, सुटत नाही. मॅगझिन काढून काडतुसं बाहेर घेणं हाच उपाय. म्हणून भरताना प्रत्येक कड खालच्या कडेच्या पुढे बसली का ते बाजूच्या भोकांतून बघायचं. सात काडतुसांना एक मिनिट लागतं, लागू दे.

आता पर्स. कुर्ता-लेगिंगवर पट्टा नसतो आणि मऊ कमरपट्ट्यावर होल्स्टर लोंबकळतं, हे खरं. पण नेहमीच्या पर्समध्ये पिस्तूल टाकणं सगळ्यात वाईट: किल्ली, पेन, लिपस्टिक, काहीही चापाच्या कडीत शिरतं. पर्सच न्यायची तर स्वतंत्र चेनचा कप्पा, त्यात दुसरी एकही वस्तू नाही, आणि आत चापाची कडी पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर कप्प्याला शिवलेलं, म्हणजे पिस्तूल उलटंपालटं होणार नाही. पट्टा खांद्यावरून आडवा. आणि मुख्य म्हणजे पर्स अंगावेगळी होता कामा नये. हॉटेलात खुर्चीला टांगली, गाडीत मागच्या सीटवर टाकली, बाथरूमला जाताना मैत्रिणीकडे दिली, की ताबा गेला. दिवसातून किती वेळा तू पर्स खाली ठेवतेस ते एक आठवडा मोज. दहाच्या वर गेली तर पर्स तुझ्यासाठी नाही. मग जीन्स, दीड इंची जाड पट्टा, कमरेच्या आतलं होल्स्टर आणि वरून सैल शर्ट. हंगामात पॅकहाऊसवर तू तशीच वावरतेस.

चेंबर रिकामंच ठेव. जुन्या बनावटीच्या अनेक पिस्तुलांत ते खाली पडल्यावर फायरिंग पिन अडवणारी सोय नसते. ‘मग वेळेला सेकंद जाईल’ असं लोक म्हणतील. जाईल. पर्समधून काढायलाच तीन-चार जातात, त्यात एकाची भर.

रिकामं करण्याचा क्रम कधी बदलू नकोस: नळी सुरक्षित दिशेला, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघ आणि करंगळी घालून बघ. आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढलं तर एक काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसतं आणि हातात मॅगझिन असल्यामुळे पिस्तूल रिकामं वाटतं. घरातले अपघात या उलट्या क्रमाने होतात. आणि तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये भरू नकोस. दरवेळी गोळी थोडी आत दबते, दाब वाढतो.

सरावाला वर्षाची काडतुसं पुरणार नाहीत, म्हणून सुरुवात एअर पिस्तुलाने कर. .१७७ च्या साध्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि १० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं ११.५ मिमीचं असतं. ते चापावरच्या बोटाची सगळी लबाडी उघडी पाडतं. नाशिकला त्याची परंपरा आहे. पोलीस खात्यातून आलेले आणि क्रीडा मानसशास्त्रज्ञ म्हणून देशभर ओळखले गेलेले भीष्मराज बाम यांनी एक्सएल टार्गेट शूटर्स असोसिएशन इथेच रुजवली. तीन महिने तिथे घाम गाळ, मग .३२ कडे वळ. घरी रोज दहा मिनिटं कोरडा सराव: काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, चेंबरमध्ये स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं खोटं काडतूस (जुनी फायरिंग पिन पोकळीत आपटून तुटते), समोर पक्की भिंत. पुढच्या साइटवर (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या उंचवट्यावर) एक नाणं ठेव आणि ते न पाडता चाप ओढ. पीपीकेच्या जड पहिल्या चापावर नाणं टिकायला लागलं की बाकीचं सोपं.

रेंजवर सात मीटर पुरे. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली डावीकडे जायला लागल्या तर साइटला दोष देऊ नकोस, तू धक्क्याच्या आधीच मनगट दाबतेस. प्रशिक्षकाला मॅगझिनमध्ये दोन खोटी काडतुसं मिसळून द्यायला सांग; खोट्यावर चाप ओढताना नळी डुबकी मारते ती तुला स्वतःलाच दिसेल. गोळी न उडाली तर तीस सेकंद नळी लक्ष्याकडेच. आवाज फुसका आला तर लगेच थांब, गोळी नळीत अडकलेली असू शकते, पुढची मारलीस तर नळी फाटेल. मळ्यात बांधावर नेम धरायचा नाही. ही गोळी किलोमीटरच्या पुढे जाते, आणि द्राक्षबागेच्या पानांआड कोण वाकलंय ते दिसत नाही. लग्नात हवेत उडवणं हा तर आता दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

कधी वापरायचं? भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं एखाद्या वकिलासमोर बसून वाच. धोका उभा आहे तोवरच अधिकार, आणि धोका टाळायला लागेल तेवढाच. बॅग हिसकावून मोटरसायकलवर पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीस तर बचाव उरत नाही. रोकड जाऊ दे. धमकी म्हणून कमरेचा शर्ट वर करून दाखवणंही नको. तिथे ‘झाकलेलं’ ही अटच मोडली.

नेऊ नये अशा जागा: कोर्ट, सरकारी कचेऱ्या, देवळं, सभा. शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश अधूनमधून लागू असतो, नाशिकला येण्याआधी चौकशी कर. सिंहस्थात रामकुंडाकडे किंवा त्र्यंबकला जाशील तर पिस्तूल घरी, कुलपात.

ठेवायचं ते भिंतीत बोल्ट केलेल्या लोखंडी लॉकरमध्ये, काडतुसं वेगळ्या कप्प्यात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कधीच नाही; चामडं ओल धरतं आणि आपल्या पावसाळ्यात पंधरा दिवसांत डाग पाडतं. सुती कापडात गुंडाळ, सिलिका जेलच्या पुड्या ठेव. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला बाहेर काढून पूस. पीपीकेची नळी फ्रेमला जोडलेली, म्हणून दांडीपेक्षा ओढदोरीने साफ कर, नाहीतर नळीच्या तोंडाची कड झिजते आणि नेम बिघडतो. तेल थेंबभर, स्लाइडच्या खाचांत. काडतुसांवर तेलाचा फवारा नको, ते प्रायमरमध्ये (बुडातल्या ठिणगीच्या दारूत) झिरपतं आणि गोळी उडत नाही.

निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातून हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा करताना तेल लावून, कापडात बांधून दे; पावतीवर पिस्तुलाचा नंबर, मॅगझिन किती आणि काडतुसं किती हे वेगवेगळं लिहून घे. परत मिळाल्यावर तिथेच मोज, आणि घरी येऊन आधी नळी बघ.

दुकानात जायचा दिवस ठरला की कळव. पेन्सिल मी आणतो.

कळावे,
तुझा काका